आमची वाटचाल : तळावरचा ठसा

आमच्या सासऱ्यांच्या हातची कापशी कोल्हापुरी चप्पल घातलेल्या कुणालाही त्यांचं नाव माहीत नसेल. कोल्हापुरातल्या सुभाषनगरात दोन खोल्यांत जोड तयार व्हायचा आणि चप्पल लाईनीला, म्हणजे चपलांच्या बाजारात, व्यापाऱ्याकडे गेला की तळावर ठसा उठायचा व्यापाऱ्याचा. कातडं त्याचं, उचल त्याची, म्हणून दरही त्याचाच. दिवाळीला थोडी जादा उचल घेतली की संक्रांत गेली तरी फिटायची नाही.

मी २००१ साली लग्न होऊन या घरात आले. सासूबाईंनी पहिल्यांदा वेणी शिकवली, चपलेवरची कातड्याची. बारीक वाद्या भिजवायच्या, पायाच्या अंगठ्यात अडकवायच्या आणि ताण सारखा ठेवत विणत जायचं. एक वादी कोरडी राहिली तरी वेणी फुगते. त्यांच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला होता.

२०१० ला उचल एकदाची फेडली आणि पितळेचा आमचा ठसा करून आणला. तोवर मला वाटायचं, कायदा झाला की सगळं सरळ होतं. पुढं कळलं, कायदा दारापर्यंत येतो, आत यायला त्याला बराच वेळ लागतो.

कर्जाचंच बघा. २०१६ ला स्टँड-अप इंडिया योजना आली, अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी. मी दोन्हीकडून बसत होते! पण कर्ज १० लाखांपासून पुढं, आणि आम्हाला हवे होते चार. शेवटी मुद्रा कर्ज योजनेतून घेतलं. तिथंही साहेबांचा पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?"

कातड्याचीही तीच गत. २०१५ च्या कायद्यानं बैल कापायला बंदी आली. म्हशीला ती लागू नाही, पण हे रात्री रस्त्यात अडवलेल्या टेम्पोवाल्यानं कुणाला समजवायचं? पुरवठा आटला, भाव चढले. आता आम्ही चेन्नईहून माल मागवतो, रोख पैसे मोजून.

कधी भाऊसिंगजी रोडनं जाताना मला गंगाराम कांबळे आठवतात. हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेला माणूस. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं थांबून चहा प्यायले. महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, ते मोठंच काम. पण धंदेवाली म्हणून मला तो चहा जास्त मोठा वाटतो. हुकूम काढणारा गिऱ्हाईक होऊन दारात आला.

आमच्या घरातला हिशेब मात्र आम्हीच चुकवत होतो. समान कामाला समान वेतन, असा कायदा १९७६ लाच झाला. पण आमच्यात समान काम असतंच कुठं? तळ कापणं-ठोकणं पुरुषांचं, वेणी-गोंडे बायकांचे. वेणीला दर निम्मा, कारण "ते काय, घरबसल्याचं काम." एका रविवारी घड्याळ लावून बसले. एका जोडाच्या वेणीला तळापेक्षा पाऊण तास जास्त लागला. दर सारखा केला. एक जुना कारागीर रागावून सोडून गेला. आमचे हे आठवडाभर नीट बोलले नाहीत. दोन महिने नफाही दिसला नाही.

कोल्हापुरीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. तो आहे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. आपल्या मालावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊकच नव्हतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नाव न घेता, आणि मग सगळ्यांना जीआय आठवला. व्यापाऱ्याचा ठसा बघत आमची एक पिढी गेली, त्यामुळं मला त्याचं फार नवल वाटलं नाही.

तेव्हापासून वेणीवाल्या सात जणींचे अर्ज भरायला घेतलेत, प्रत्येकीचा तिच्या स्वतःच्या नावानं. परवा एक जण पेन हातात घेऊन बराच वेळ थांबली. म्हटलं, "काय झालं गं?"

"वैनी, नाव सासरचं लिहू का माहेरचं? वेणी तर मी आईकडनं शिकले."