शपथ कुणी घ्यायची?

"मॅडम, नववीतल्या पोरांवर आत्महत्या रोखायचं ओझं कशाला टाकता?" पालकसभेत हे हमखास येतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ते ओझं त्यांच्यावर आधीच असतं. जीव नकोसा झालेलं पोर माझ्याकडे येत नाही, तुमच्याकडेही नाही. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला सांगतं, वर "आईची शपथ, कुणाला सांगू नकोस." मग ती मैत्रीण एकटीच जागी.

म्हणून नववीच्या मुलांना शाळेत देतो त्या आत्महत्या रोखण्याच्या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ शपथेवर जातो. दोघींना समोरासमोर बसवते. एकीने शपथ घालायची, दुसरीने ती न घेता बोलायचं. सगळ्या अडखळतात. एक म्हणाली, "शपथ घेत नाही, पण तुला सोडतही नाही. चल, दोघी जाऊन सांगू." माझं वाक्य याच्या तिप्पट लांब होतं. आता तिचंच शिकवते.

आणि थेट विचारायचं, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, असले तर बोलायला वाट मिळते. "वेड्यासारखं काही करणार नाहीस ना?" ही तर 'नाही' म्हण अशी तंबीच झाली. पुढचं काम मोठ्यांचं. मुलांनी समुपदेशन करायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर विश्वासातल्या दोन मोठ्या माणसांची नावं आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर, 14416. तिथे मराठीतही बोलता येतं.

युरोपातल्या 10 देशांत, 168 शाळांत एक मोठा अभ्यास झाला. 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलांनाच चर्चेतून, भूमिका करायला लावून शिकवलं, तिथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी दिसले. नुसतं शिक्षकांना शिकवलं, तिथे तसा ठोस फरक नाही. शिक्षिका म्हणून झोंबलं.

झोंबायला कारणही होतं. एकदा परीक्षेचे फॉर्म तपासत होते. एक मुलगी टेबलाशी आली, "मॅडम, मैत्रिणीबद्दल बोलायचंय." मान वर न करता म्हटलं, "मधल्या सुट्टीत ये." ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिच्या बाकापाशी गेले. तोवर दोघींनी आमच्या शिपाई मावशींना सांगितलं होतं, आणि मावशी त्या मैत्रिणीला घेऊन तिच्या घरी जाऊन आल्या होत्या.

यंदा प्रशिक्षणाला मावशीही असतात. मी त्यांच्या शेजारी बसते.