तळातून कापलेला परिच्छेद

सानिया मिर्झा दुबईत कारकिर्दीतला शेवटचा सामना हरल्याची बातमी आमच्या क्रीडा विभागात आली, तेव्हा शहर आवृत्तीचे पान जवळजवळ लागून झाले होते. तारीख २१ फेब्रुवारी २०२३. मॅडिसन कीजच्या साथीने खेळताना कुदेरमेटोवा-सॅमसोनोवा जोडीकडून ४-६, ०-६ अशी हार. वृत्तसंस्थेच्या मजकुराची सुरुवात या पराभवाने होती, आणि वृत्तसंस्थेची सुरुवात तीच मराठीतली सुरुवात, हा आमच्या धंद्यातला जुना आळस आहे.

प्रशिक्षणार्थी उपसंपादकाने चौकटीत ‘महिला दुहेरीत सहा ग्रँडस्लॅम’ असे ठोकून दिले होते. ते मी दुरुस्त केले. मिश्र दुहेरीची तीन : २००९ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ची फ्रेंच महेश भूपतीबरोबर, २०१४ची अमेरिकन ब्रुनो सोआरेसबरोबर. महिला दुहेरीची तीन, तिन्ही मार्टिना हिंगिसच्या साथीने, २०१५च्या विम्बल्डनपासून २०१६च्या ऑस्ट्रेलियनपर्यंत सलग.

मात्र ज्या परिच्छेदावर मी खरा जीव लावला, तो शेवटचा होता. २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून एकेरीचे डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धेचे, विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरलेल्या अठरा वर्षांच्या सानियाने महिन्याभरातच याच दुबईत अमेरिकन ओपनची तत्कालीन विजेती स्वेतलाना कुझनेत्सोवा हिला सरळ सेटमध्ये हरवले होते. २००७ मध्ये ती एकेरीत सत्ताविसाव्या क्रमांकावर पोहोचली आणि पुढे मनगटाच्या दुखापतींनी तिची एकेरी संपवली.

एवढ्यात जाहिरात विभागाने एका गृहप्रकल्पाची दोन कॉलमी जाहिरात पाठवली. दोन दिवसांपूर्वीच संपलेल्या दिल्ली कसोटीच्या विश्लेषणाला हात लावायचा नव्हता. क्रिकेटच्या मजकुराला आमच्याकडे कात्री सहसा लागत नाही. “तळातून काप आणि पान सोड,” वृत्तसंपादक म्हणाले. त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. बातमी तळातून कापली जाते, म्हणून महत्त्वाचे वर घ्यावे, हे मीच वर्षानुवर्षे नवख्यांना शिकवत आलो आहे, आणि त्या रात्री शेवट गोड व्हावा या हौसेपायी मीच ते विसरलो. कुझनेत्सोवाला पहिल्या परिच्छेदात आणायला दोन मिनिटे पुरली असती.

सकाळी अंक पाहिला. मथळ्यात ‘पराभवाने निरोप’ होते, चौकटीतले आकडे अचूक होते, आणि दुबई उरली होती ती फक्त ‘दुबई, वृत्तसंस्था’ एवढ्या दोन शब्दांत.