गोठ्यातली सकाळ

आज आमच्या समुपदेशन गटातल्या मुलांना ठाण्याजवळच्या येऊरला एका ओळखीच्या गोठ्यावर नेलं होतं. कुणाची शाळा सुटलेली, कुणी घरात हात उगारणारा. शेण काढणं, वैरण टाकणं, भेंडीच्या वाफ्यातलं तण उपटणं. सगळे कुरकुरतच कामाला लागले.

एकजण गायीपाशी गेला आणि नेहमीच्या चढ्या आवाजात बोलू लागला. गायीने पान्हा चोरला. गोठ्यातल्या मावशी म्हणाल्या, "वरडू नको रे बाळा, भ्याली ती." जनावर घाबरलं की अॅड्रेनॅलिन वाढतं आणि दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन अडतं. या पोराला 'हळू बोल' हे आम्ही किती वेळा सांगितलं असेल! आज तो गप्प बसून कोमट फडक्याने कास पुसत राहिला. बऱ्याच वेळाने चरवीत धार वाजली, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मला भरून आलं.

न्यूयॉर्क राज्यात 'ग्रीन चिमनीज' नावाची शाळा १९४७ पासून शेतावर चालते. भावनिक अडचणीतली मुलं तिथे शिकता शिकता जनावरं सांभाळतात. आपल्याकडे तर ठाण्याच्या वेशीवर गोठे आहेत, मुरबाड-शहापूरला भातशेती आहे. औषधं, समुपदेशन चालूच राहायला हवं, ते गायीवर सोडून भागणार नाही. पण ज्या मुलाला सगळे फक्त सुधारायला बघतात, त्याची कुणाला तरी गरज आहे हे त्याला कळायला नको का?

येऊर किंवा घोडबंदरकडे कुणाचा गोठा असेल आणि शनिवारी सकाळी आम्हाला येऊ देणार असाल, तर मेसेज करा. शेण काढायला हात भरपूर आहेत.