ईएसएक्सआय आणि व्हर्च्युअलबॉक्सहून प्रॉक्समॉक्सवर: व्हीएम हलवण्याचा वृत्तांत

व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक; ते सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर, खालचं मशीन म्हणजे होस्ट आणि आत चालणारी ओएस म्हणजे गेस्ट. आधी मार्ग सांगतो. निघायची ठिकाणं दोन: इंटेलचा जुना सर्व्हर, त्यावर व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर ईएसएक्सआय, आणि एक डेस्कटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स. पोचायचं ठिकाण एकच: एएमडी प्रोसेसरचं नवं मशीन, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे आतून लिनक्समधला हायपरव्हायझर केव्हीएम. सामानात एक विंडोज सर्व्हर, रेड हॅट घराण्यातला एक डेटाबेस सर्व्हर, उबंटूवरचा एक वेब सर्व्हर आणि एका जुन्या सॉफ्टवेअरपायी जपून ठेवलेलं विंडोज १०. सगळं पोचलं, सगळं चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर परवान्यांची गणितं बदलली आणि या वाटेवर बरीच वर्दळ सुरू झाली. मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर.

व्हीएम म्हणजे शेवटी एक फाइल, कॉपी केली की झालं, असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. डिस्कची फाइल जशीच्या तशी पोचते. पण गेस्टला ज्या डिस्क कंट्रोलरची, नेटवर्क कार्डची, फर्मवेअरची (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) सवय झालेली असते, त्यातलं काहीच सोबत येत नाही. बिऱ्हाड हलवताना जुन्या घराची किल्ली हातात आहे तोवरच उरकायची काही कामं असतात, तसंच इथेही. वाटेत आलेल्या बहुतेक अडचणी अशा होत्या की जुन्या होस्टवर त्या दोन-चार मिनिटांत सुटतात आणि नव्या होस्टवर अख्खी संध्याकाळ खातात. त्यामुळे या वृत्तांताचा निम्मा भाग निघण्याआधीचाच आहे.

सर्वांत आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. ईएसएक्सआयवर स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. तिच्या नावात शेवटी ०००००१ असा आकडा दिसतो. घाईघाईत फक्त मूळ व्हीएमडीके (व्हीएमवेअरची डिस्क फाइल) उचलली तर व्हीएम नव्या ठिकाणी बिनतक्रार सुरू होते, एरर नाही, इशारा नाही, फक्त डेटा स्नॅपशॉटच्या दिवशीचा असतो. हे लक्षात यायला कधीकधी आठवडा जातो. म्हणून आधी सगळे स्नॅपशॉट डिलीट करून डिस्क एकत्र करून घ्या आणि फोल्डरमध्ये डेल्टा फाइल उरली नाही ना, हे डोळ्यांनी बघा. व्हर्च्युअलबॉक्सचं दुखणं निदान प्रामाणिक आहे: स्नॅपशॉटची व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क फाइल) क्यूइमू-आयएमजी या डिस्क फाइलींचा प्रकार बदलणाऱ्या साधनाला दिली की ते सरळ नकार देतं. तिथे स्नॅपशॉट विलीन करा किंवा पूर्ण क्लोन काढून तोच हलवा.

दुसरं, व्हीएम नीट शटडाउन करा. सस्पेंड नाही, सेव्ह स्टेट नाही. सेव्ह केलेल्या स्थितीत त्या विशिष्ट होस्टच्या आभासी हार्डवेअरची आणि प्रोसेसरची अवस्था असते. दुसऱ्या हायपरव्हायझरला तिचा काही उपयोग नाही. विंडोजच्या क्लायंट आवृत्त्यांत फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शटडाउन' म्हटल्यावरही कर्नल हायबरनेट होतो. ते आधी बंद करा, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन द्या.

तिसरं काम म्हणजे व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये बसवलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर वगैरे) काढून टाकणे, आणि ते जुन्या होस्टवरच. नव्या होस्टवर अनइन्स्टॉल करायला गेलात तर इन्स्टॉलरला आपण व्हीएमवेअरवर नाही हे कळतं आणि तो पुढे सरकत नाही. मग रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) साफ करत बसावं लागतं. फक्त हे सगळ्यात शेवटी करा; टूल्स गेले की नेटवर्कचा ड्रायव्हरही जाऊ शकतो आणि रिमोट डेस्कटॉप तुटतं. कन्सोल उघडा ठेवूनच हात घाला.

त्याच बैठकीत कागदावर उतरवून घ्या: आयपी, गेटवे, डीएनएस, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), आणि फर्मवेअर बायोस आहे की यूईएफआय. शेवटची गोष्ट बारीक वाटते, पण बायोसवर बसवलेली डिस्क यूईएफआयच्या व्हीएमला जोडली तर 'बूट करण्याजोगं काही नाही' एवढंच उत्तर मिळतं आणि माणूस विनाकारण डिस्क खराब झाली म्हणून कपाळाला हात लावतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: जनरेशन १ म्हणजे बायोस, जनरेशन २ म्हणजे यूईएफआय. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि निघण्यापूर्वी संरक्षण तात्पुरतं थांबवा. प्रॉक्समॉक्सच्या इम्पोर्टमध्ये व्हर्च्युअल टीपीएममधलं (किल्ल्या जपणाऱ्या आभासी चिपमधलं) काही येत नाही. नवा टीपीएम कोरा असतो.

आता प्रत्यक्ष प्रवास. एप्रिल २०२४ मधल्या प्रॉक्समॉक्स ८.२ पासून ईएसएक्सआयहून थेट इम्पोर्ट करायची सोय आहे: ईएसएक्सआय हे स्टोरेज म्हणून जोडायचं, यादीतून व्हीएम निवडायची, झालं. चांगलं चालतं. त्यात 'लाइव्ह इम्पोर्ट' नावाचा मोह आहे, कॉपी चालू असतानाच व्हीएम सुरू करून देणारा. मी तो वापरला नाही आणि डेटाबेससाठी कुणी वापरू नये असं माझं मत आहे. मध्येच जोडणी तुटली तर दरम्यान गेस्टने लिहिलेलं सगळं जातं. थोडा वेळ सेवा बंद ठेवणं परवडतं.

व्हर्च्युअलबॉक्सच्या विंडोज १० साठी ओव्हीएच्या भानगडीत पडलो नाही. ओव्हीए म्हणजे एक टार फाइल, अनेक फाइलींचा एकच गठ्ठा. आत हार्डवेअरचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल, चेकसमची यादी आणि कॉम्प्रेस केलेली व्हीएमडीके. ते वर्णन दुसऱ्या हायपरव्हायझरने तंतोतंत पाळावं ही अपेक्षा कागदावरच बरी. क्यूइमू-आयएमजीला व्हीडीआय सरळ वाचता येते, तर तिचीच क्यूकाउ२ (केव्हीएमला चालणारी डिस्क फाइल) बनवली आणि बाकी व्हीएम हाताने उभी केली. कुणी तुमच्या हातात नुसती ओव्हीए ठेवली असेल तर टारने उघडा, आतली व्हीएमडीके घ्या, पुढे तोच रस्ता.

कॉपीच्या वेळाचा अंदाज: एक गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे २०० जीबीला अर्धा तास. पण २०० जीबी नक्की कुठले, हे आधी तपासा. उबंटूची डिस्क फाइल 'एलएस' या कमांडला १०० जीबीची दिसत होती आणि खरी व्यापलेली जागा सांगणाऱ्या 'डीयू'ला तिसाच्या आत, कारण फाइल विरळ होती, मधली पोकळी कधी लिहिलीच गेली नव्हती. साध्या कॉपीत ती पोकळी शून्यांनी भरून निघते. आरसिंक हे कॉपीचं साधन वापरत असाल तर स्पार्सचा पर्याय द्या. शिवाय गेस्टने डिलीट केलेल्या फाइलींचा गाळ डिस्कमध्ये तसाच असतो; निघण्याआधी लिनक्समध्ये एफएसट्रिम आणि विंडोजमध्ये एसडिलीटने रिकामी जागा शून्य करून घेतली की कन्व्हर्ट करताना ती आपोआप गळते. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क वापरणाऱ्यांनी ती एफएटी३२ नाही ना ते बघावं, तिथे ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही. दोन्ही बाजूंना फाइलचा एसएचए२५६ चेकसम काढून जुळवा. कंटाळवाणं आहे, तरी करा.

विंडोज सर्व्हर. इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. केव्हीएमवर वेगवान डिस्क हवी तर व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेली आभासी उपकरणं) प्रकारचा स्कझी डिस्क कंट्रोलर लागतो आणि विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो. तशीच सुरू केली तर निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. ड्रायव्हरच्या आयएसओवरून (सीडीच्या प्रतिमा-फाइलवरून) ड्रायव्हर नुसता इन्स्टॉल करून ठेवलाय एवढ्यावरही विसंबू नका. ते उपकरण विंडोजने एकदा प्रत्यक्ष पाहिलेलं असलं की बूटच्या वेळी तो ड्रायव्हर नक्की उचलला जातो. उपाय जुना आणि हमखास आहे. मुख्य डिस्क आधी साटावर (साध्या डिस्क जोडणीवर) जोडायची. साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, त्यामुळे ती उठते. सोबत १ जीबीची एक रिकामी डिस्क स्कझीवर लावायची, कंट्रोलर व्हर्टआयओ, आणि व्हर्टआयओ-विन आयएसओ सीडीच्या जागी. विंडोज उठल्यावर आयएसओमधून ड्रायव्हर बसवायचे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कंट्रोलर आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती रिकामी डिस्क दिसली की शटडाउन. मग रिकामी डिस्क काढायची, मुख्य डिस्क साटावरून सोडवून स्कझीवर लावायची. आणि एक टिचकी जी सगळे विसरतात: डिस्क सोडवली की प्रॉक्समॉक्स तिला बूटच्या क्रमातून वगळतो. ऑप्शन्समध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये तिच्यापुढे पुन्हा खूण करायची. ती केली नाही तर व्हीएम नेटवर्कवरून बूट होण्याची वाट बघत बसते आणि आपण ड्रायव्हरला दोष देत बसतो.

नेटवर्कवर जुना स्थिर आयपी टाकायला गेलो तर विंडोज म्हणालं, हा पत्ता दुसऱ्या ॲडाप्टरला दिलेला आहे. तो दुसरा ॲडाप्टर म्हणजे मागे राहिलेलं व्हीएमवेअरचं कार्ड, रजिस्ट्रीत भुतासारखं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा, पुसट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा, प्रश्न मिटतो. विंडोजचं ॲक्टिव्हेशन हार्डवेअर बदललं म्हणून पुन्हा मागितलं जाऊ शकतं. परवान्याची कागदपत्रं जवळ असू द्या.

व्हीएम बनवताना ओएस प्रकार 'विंडोज' असाच निवडा. विंडोज हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेत वाचतं, लिनक्स यूटीसीत. प्रकार चुकला तर घड्याळ टाइमझोनच्या फरकाएवढं सरकतं, आणि कर्बेरॉस (विंडोज डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी पद्धत) मुळात पाच मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. लोक पासवर्ड तपासत राहतात, दोष घड्याळाचा असतो.

डेटाबेस सर्व्हरचा पेच वेगळा. रेड हॅट घराण्यात ड्रॅकट हे साधन इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी इमेज) बनवताना समोरच्या हार्डवेअरला लागतील तेवढेच ड्रायव्हर घेतं. ईएसएक्सआयवर बनलेल्या त्या इमेजमध्ये व्हर्टआयओ कशाला असेल? परिणामी नव्या होस्टवर कर्नल सुरू होतो, मिनिटभर डिस्कची वाट बघतो, टाइमआउटच्या ओळी सरकतात आणि रूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलमध्ये सोडतो. निघण्याआधी 'नो-होस्टओन्ली' देऊन इमेज पुन्हा बनवली की हे टळतं. कुणी आधीच अडकला असेल तर ग्रबच्या (बूट मेनूच्या) यादीतली शेवटची रेस्क्यू नोंद निवडा. तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत जाऊन इमेज बनवा, रीबूट करा. आणखी एक पळवाट: प्रॉक्समॉक्सला व्हीएमवेअरचा पीव्हीस्कझी कंट्रोलर आणि व्हीएमएक्सनेट३ कार्ड यांची नक्कल करता येते. पहिलं बूट त्यावर घ्या, घाम पुसा, मग सावकाश व्हर्टआयओवर या. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कचं नाव एसडीए असं थेट लिहिलं असेल तर तेही यूयूआयडीवर, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकावर, आणा.

उबंटूने असं काही नाटक केलं नाही, त्याच्या इमेजमध्ये मुळातच बहुतेक ड्रायव्हर असतात. फक्त नेटवर्क मुकं होतं. ईएसएक्सआयवर कार्डाचं नाव ईएनएस१९२, इथे ईएनएस१८, आणि नेटप्लॅनची (उबंटूच्या नेटवर्क सेटिंग्जची) फाइल अजून जुन्याच नावाला धरून. कन्सोलवरून एक शब्द बदलला, काम झालं. मॅक ॲड्रेसवर राउटरमध्ये आयपी राखून ठेवला असेल, किंवा एखादं सॉफ्टवेअर मॅकवरच परवाना तपासत असेल, तर नव्या व्हीएमला जुनाच मॅक द्या. मात्र जुनी व्हीएम त्याच नेटवर्कवर पुन्हा चालू करू नका. हलवण्याऐवजी एकीच्या दोन करणार असाल तर लिनक्सचा मशीन-आयडी आणि एसएसएच होस्ट की बदला. सिस्टमडीचं नेटवर्क डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) मशीन-आयडीवरून स्वतःची ओळख सांगतं, त्यामुळे मॅक वेगळे असूनही दोन्ही क्लोन एकाच आयपीवर भांडू शकतात.

इंटेलवरून एएमडीवर येण्याची भीती बरेच जण घालतात. बंद करून हलवलेल्या व्हीएमला त्याचं काही वाटत नाही. चालू व्हीएम दोन कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये हलवण्याचा विचार मात्र सोडा. पुढे एकाहून अधिक होस्ट असतील तर प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' न ठेवता एक्स८६-६४-व्ही२-एईएससारखा सामाईक ठेवा. आणि ज्यांना याच व्हीएम २०२० नंतरच्या ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर न्यायच्या आहेत त्यांच्यासाठी: तिथे एक्स८६ चा (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीचा) गेस्ट व्हर्च्युअलायझेशनने चालत नाही, संपूर्ण नक्कल करावी लागते, आणि तो वेग कामाचा नाही. आर्मवर (ॲपल सिलिकॉनच्या प्रोसेसर प्रकारावर) नवीन गेस्ट बसवून डेटा हलवणं परवडतं.

पोचल्यावर जुन्या व्हीएम लगेच पुसू नका, पण त्यांचं ऑटोस्टार्ट बंद करा आणि नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा. वीज जाऊन जुना होस्ट पुन्हा उठला तर जुना डेटाबेस त्याच आयपीवर जागा होईल आणि निम्मे वापरकर्ते त्यात नोंदी करतील. परत फिरायची मुदतही आधीच ठरवा: नव्या डेटाबेसमध्ये नोंदी सुरू झाल्यानंतर जुन्यावर जाणं म्हणजे त्या नोंदींवर पाणी सोडणं. बॅकअपचं वेळापत्रक व्हीएमबरोबर येत नाही, ते नव्याने लावा, त्यातली एक व्हीएम वेगळ्या नावाने, नेटवर्क तोडून रिस्टोअर करून बघा, आणि मगच जुन्या डेटास्टोअरवर डिलीटचं बटण दाबा.