उजव्या बाहीचं माप

विट्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन शिलाई मशीन, एक पिकोचं, आणि हाताखाली एक मुलगी. अठ्ठावीस वर्षं बायकांच्या छातीची मापं घेतेय, त्यामुळे एक गोष्ट मला कुठल्याही डॉक्टरच्या आधी माहीत होती. कुठल्याच बाईच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. आम्ही कटोरी सारखी कापतो आणि अस्तरात सांभाळून घेतो, इतकंच.

२०२२ च्या गणपतीत स्वतःच्याच ब्लाउजला फिटिंगची पिन लावताना बोटाला गाठ लागली. उजवीकडे, वर, काखेच्या बाजूला. दुखत नव्हती. सण होऊ दे म्हणत मी आठ दिवस काढले, ते काढायला नको होते. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची बायोप्सी. ती सुई सुटताना खेळण्यातल्या बंदुकीसारखा आवाज होतो हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी टेबलावर एवढी दचकले नसते. रिपोर्टात कॅन्सर आला. गाठ २.३ सेंटिमीटर. मी टेप काढून बघितलं, एक इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी.

जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणाले, "गुरुवारी करून टाकू. पूर्ण काढू, म्हणजे परत डोक्याला ताप नको." मी विचारलं, नुसती गाठ काढता येत नाही का? तर म्हणाले, "कशाला उगाच रिस्क?" तीन मिनिटांत आम्ही बाहेर. त्यांच्याकडे रेडिएशनचं मशीन नव्हतं हे मला नंतर कळलं. त्यांना फार दोष देत नाही. माझ्याकडे पिकोचं मशीन नव्हतं तेव्हा मीही बायकांना सांगायचे, या साडीला पिकोची काही गरज नाही.

घरात तर सगळ्यांचं ठरलेलंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "मुळासकट काढून टाक बाई, विषाची परीक्षा कशाला?" भाऊ आला होता, तो चहा पिता पिता बोलून गेला, "आता या वयात ठेवून तरी काय करायचंय?" मी त्रेपन्नची. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटून बसलं. आणि हे? हे म्हणाले, "तुझं अंग, तू सांगशील तसं." तेव्हा मला त्याचा संतापच आला. वाटलं, माणूस अंग काढून घेतोय.

मग मी काकूंकडे गेले. काकू माझं जुनं गिऱ्हाईक, बारा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा स्तन काढलाय. त्यांच्या ब्लाउजला मी आतून खिसा शिवते. आधी त्यात कापूस भरायच्या, पण कापसाला वजन नसतं, दुपारपर्यंत तो गळ्याशी यायचा. मग आम्ही दोघींनी मिळून बाजरीची पुरचुंडी केली. डाव्या बाजूइतकी भरेल अशी माझ्या तराजूवर तोलून. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं गं. पण विचारलं असतं तरी मी काढच म्हटलं असतं. रात्री झोप लागायला पाहिजे ना." हेही खरंच. काकूंना बारा वर्षं झोप लागलीय.

पण निघताना माझी नजर त्यांच्या हातावर गेली. डाव्या हातात सहा बांगड्या, उजव्यात एकही नाही. आणि एकदम आठवलं की माझ्या मापाच्या वहीत काकूंच्या पानावर उजव्या बाहीपुढे "दीड इंच सैल" असं लिहिलेलं आहे. बारा वर्षं मी ती बाही वेगळी कापतेय, पण का, ते कधी विचारलं नव्हतं. काकूंनी हात पुढे केला. मी दंडावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. "काखेतल्या गाठी, सगळ्यांनाच असतात त्या लसिका ग्रंथी, सगळ्या काढल्या ना, त्याचं हे. जड वस्तू उचलायची नाही, पोळायचं नाही, कापायचं नाही."

कापायचं नाही. माझी दहा इंची कात्री उजव्या हातात असते. मशीनचं चाक उजव्या हाताने फिरतं. गुरुवार मी रद्द केला तो स्तनासाठी नाही, हातासाठी. सगळे मला छातीचं काय करायचं ते सांगत होते. काखेचा विषय कुणी काढलाच नव्हता.

परळला टाटा हॉस्पिटलात जायचं ठरलं कारण डोंबिवलीला वन्सं आहेत, राहायची सोय होती. बरोबर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक न्यावा लागतो. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला आपलाच तुकडा, काडेपेटीहून जरा लहान अशा प्लॅस्टिकच्या चौकटीत. मी तो रुमालात गुंडाळून ब्लाउजच्या पिशवीत ठेवला होता. एसटीत रात्रभर पिशवी मांडीवर. तिथे स्लाइड परत तपासल्या, फोटो परत बघितले. गर्दी किती, रांगा किती, ते लिहीत नाही, जाऊन आलेल्यांना माहीत आहे.

तिथल्या बाई डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गाठ एकच आहे. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे ठिपके इतरत्र पसरलेले नाहीत. तुमच्या मापाला ही गाठ काढून आकार राहण्यासारखा आहे. आधी कधी त्या भागाला रेडिएशन दिलेलं नाही. म्हणजे नुसती गाठ काढता येईल, पण तशी काढली तर रेडिएशन घ्यावंच लागेल, रोज, साधारण चार आठवडे. पूर्ण काढला तर बहुतेक लागणार नाही. जिवाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

"सारखंच म्हणजे?" हे मी तीनदा विचारलं. पूर्ण काढलं म्हणजे जास्त सुरक्षित, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. बाई म्हणाल्या की शंभर वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. अमेरिकेत हालस्टेड नावाचे सर्जन स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. पण कॅन्सर जीव घेतो तो रक्तावाटे दुसरीकडे गेल्यामुळे, आणि तो जायचा असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच गेलेला असतो. त्यासाठी औषधं असतात. स्तन जास्त कापून ते थांबत नाही.

माझी मुलगी बी. फार्म. झालीय. तिने त्या रात्री डॉ. बर्नार्ड फिशर यांचा २००२ सालचा लेख शोधून मला समजावला. १९७६ पासून बायका घेतल्या, १८५१ जणींचं २० वर्षं बघितलं. काहींचा स्तन काढला, काहींची नुसती गाठ, काहींची गाठ काढून वर रेडिएशन. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. वीस वर्षांनी जगण्यात फरक नाही. मात्र नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी शंभरात ३९ जणींना त्याच स्तनात परत आला, घेतलेल्यांत १४. त्याच वर्षी इटलीच्या डॉ. व्हेरोनेसींचेही वीस वर्षांचे आकडे छापून आले, त्यांचंही म्हणणं तेच. रेडिएशन "लागेलच" का म्हणतात ते तिथे कळलं. माझं डोकं मात्र चिठ्ठ्यांवर अडकलं होतं. कोण असतील त्या, आपला स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर सोडणाऱ्या? मुलगी म्हणाली, "आई, या सगळ्यांची काख मात्र साफ केली होती." म्हणजे हाताचा प्रश्न तिथेही होताच.

दुसऱ्या भेटीत मी आधी तेच विचारलं. मी टेलर आहे, उजव्या हाताचं काय? डॉक्टर पहिल्यांदा कागदावरून वर बघून हसल्या. म्हणाल्या, काखेचं ऑपरेशन वेगळं असतं, ते दोन्हीकडे सारखंच. आम्ही स्तनात निळा रंग टोचतो, तो ज्या गाठींकडे आधी जातो तेवढ्या काढतो आणि तुम्ही भुलीत असतानाच तपासतो. त्यांत काही नसेल तर बाकीच्या राहू देतो. असेल तर काख साफ करावी लागेल. सगळ्या काढल्या तर साधारण पाचांत एकीचा हात सुजतो, नमुन्यापुरत्या काढल्या तर वीसांत एकीचा.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी गुरुवार रद्द केला, तिचा या निवडीशी काही संबंधच नव्हता. हात वाचणार की नाही ते गाठींच्या हातात होतं. मग माझ्या हातात काय उरलं? एकीकडे स्तन. दुसरीकडे चार आठवडे डोंबिवली, बंद दुकान, आणि ते नेमके लग्नसराईत येणार होते. वर्षाची निम्मी कमाई माझी त्याच दिवसांत होते. खरं सांगते, त्या रात्री वन्संच्या गच्चीवर मी काढायचं जवळजवळ ठरवलं होतं. दुकानासाठी. कॅन्सरला न घाबरता माणूस लग्नसराईला घाबरतं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

वन्सं कपडे काढायला वर आल्या. मी त्यांना हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "दुकानाचं राहू दे. तुला काय पाहिजे?" मी म्हटलं, "मला तो पाहिजे." म्हणाल्या, "मग?" या वयात काय करायचंय, याचं मला तेव्हाही उत्तर सापडलं नाही. पाहिजे होता, एवढंच. खाली आले आणि यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग तसं." आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. अंग काढून घेणारा माणूस असा बसत नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. सहीच्या कागदावर लिहिलं होतं की मार्जिन साफ आलं नाही तर परत ऑपरेशन, वेळ आली तर पूर्ण काढावा लागेल. मार्जिन शब्द ऐकून मला हसू आलं. आम्ही शिलाईला सोडतो तेच. गाठ भोवतालच्या चांगल्या भागासकट काढतात, त्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि शाईपर्यंत कॅन्सर पोचलाय का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शुद्धीवर आल्यावर आधी डाव्या हाताने काख चाचपली. नर्स म्हणाली, "चार काढल्या, चारीत काही नाही." दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट झाली, तो रंगाचा परिणाम, याची त्यांनी कल्पना दिली होती. मार्जिनचा रिपोर्ट यायला पुढे बारा दिवस लागले. त्या दिवसांत सासूबाईंचा फोन रोज यायचा आणि रोज एकच प्रश्न, "राहिलं तर नाही ना काही?" रिपोर्टात सगळ्यात जवळची कड चार मिलिमीटरवर होती. सव्वा सूत. मी एवढ्यावर शिलाई मारली तर गिऱ्हाईक भांडायला येईल, पण डॉक्टर म्हणाल्या, पुष्कळ झालं.

मग चार केमो झाल्या, त्या गावाजवळ घेता आल्या. केस गेले, आले. त्याबद्दल सगळ्याच लिहितात.

फेब्रुवारीअखेर रेडिएशन सुरू झालं, पंधरा वेळा आणि वर पाच, शनिवार-रविवार सुट्टी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या अंगावर पेनाने खुणा केल्या आणि म्हणाले, पुसू देऊ नका. मी अठ्ठावीस वर्षं कापडावर खडूने हेच करत आलेय, त्यामुळे त्या मुलाची रेघ थोडी वाकडी गेलेली मला लगेच दिसली. मी बोलले, त्याने लाल लेझर लावून दाखवली, मशीनची रेघ सरळच होती. एका वेळेला काही मिनिटं लागतात, दुखत काही नाही. त्रास प्रवासाचा. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं. डोक्याचा रुमाल बघून कुणी काही विचारायचं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून कातडी काळवंडली, स्तनाखालची घडी सोलवटली. ब्रा घालवेना, म्हणून वन्संच्या मशीनवर जुन्या मऊ धोतराचे दोन सैल बंडी-ब्लाउज शिवले, शिवण बाहेरच्या बाजूला काढून. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने तो बघितला, आणि चौथ्या आठवड्यात मी तिच्यासाठीही एक नेला. दुकान बंद होतं म्हणायला.

आता उजवी बाजू थोडी लहान आहे आणि वर ओढलेली. माझ्या ब्लाउजला उजवा टक्स मी दोन सूत कमी धरते. रोज एक गोळी चालू आहे, वर्षाला मॅमोग्राफी. तिच्या रिपोर्टाच्या आदल्या रात्री मला काकूंची झोप आठवते.

मापाच्या वहीत माझं एक पान केलंय. दर महिन्याच्या एक तारखेला कोपरापासून चार इंच वर, दोन्ही दंडांची मापं घेते. टेप तोच, जागा तीच, हाताखालच्या मुलीला लिहायला सांगते. उजवा एक सूत जास्त आहे, पण तो पहिल्यापासूनच होता, कात्रीचा हात म्हणून. परवा तिने लिहिलं, डावा पावणेअकरा, उजवा पावणेअकरा आणि एक सूत.