बाबांची एफडी आणि सहीचा घोळ (माझा अनुभव)

म्हातारपणासाठी पैसे बाजूला ठेवा, मेडिक्लेम घ्या, हे सगळे सांगतात. पण ज्याच्या नावावर पैसे आहेत तोच अंथरुणाला खिळला तर ते पैसे बँकेतून काढायचे कसे, हे मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितेय, आणि थोडा राग अजून शिल्लक आहे म्हणूनही.

बाबा ७६ वर्षांचे, साताऱ्याला असतात, मी पुण्यात. त्यांना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं मात्र सगळं, कोण आलं, काय चाललंय, मान हलवून हो-नाही सांगतात. हॉस्पिटलचं बिल पॉलिसीतून कॅशलेस झालं, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

खरा खर्च घरी आल्यावर सुरू झाला. ब्युरोतून २४ तासांचा माणूस ठेवला त्याचे महिन्याला २७ हजार, शिवाय फिजिओ, डायपर, एअर बेड, औषधं. पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस कव्हर होते, त्यात औषधं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओ बसली (चिठ्ठीवर लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगितलेलं चालत नाही). सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आणि डायपर त्यात बसत नाहीत. ७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही, ते जरूर काढा, पण तेसुद्धा ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरच्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही.

पेन्शनचं खातं आईबाबांचं जॉइंट, त्यामुळे आई तिथून पैसे काढत होती, पण ते पुरेनात. मग एफडी मोडायची ठरली. एफडीसुद्धा दोघांच्या नावावर, आयदर ऑर सर्व्हायव्हर (म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाला किंवा मागे राहील त्याला पैसे मिळतात), म्हणून आम्ही निवांत होतो. तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, मुदत संपली असती तर आईंच्या एकटीच्या सहीवर दिली असती, मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात. हे त्यांचं बरोबर आहे, नियमच तसा आहे. मला राग आला तो पुढच्या बोलण्याचा.

मी म्हटलं, बाबांचा उजवा हात चालत नाही, डावा अंगठा घ्या. तर म्हणे खातं सहीवर उघडलंय, अंगठ्यावर नाही, सही बदलायची तर कस्टमरला स्वतः यावं लागेल. ब्रँच पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही! मग म्हणे पॉवर ऑफ ॲटर्नी करा. ती करायलाही बाबांचीच सही किंवा अंगठा लागणार, म्हणजे फिरून तिथेच. दुसऱ्या वेळी दुसरे साहेब होते, ते थेट कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले, आणि आई बिचारी घरी येऊन रडायला लागली की आता कोर्टात जायचं का. कोमातल्या किंवा काहीच न समजणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे खरंच हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. बाबांना तर समजत होतं. पण ते बघायला कोणी यायलाच तयार नाही, नुसतं 'सिस्टिम घेत नाही मॅडम'. आणि हे सगळं चालू असताना त्यातल्याच एका साहेबांनी मला विचारलं, तुमच्या नावाने पेन्शन प्लॅन घ्यायचा का. काय बोलणार.

मी नॉमिनी आहे हेही सांगून बघितलं, उपयोग शून्य. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण एक असो की चार, माणूस जिवंत असताना नॉमिनीला काही अधिकार नाही.

शेवटी ओळखीतल्या एका रिटायर्ड बँकवाल्या काकांनी मार्ग दाखवला. वृद्ध आणि आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात, बँकेला माहीत असलेले, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शिवाय ७० च्या वरच्यांना काही सेवा घरपोच द्यायच्या हेही २०१७ पासून सांगितलेलं आहे. काका म्हणाले तोंडी भांडू नकोस, लेखी दे, आणि नाही म्हणत असतील तर नकार लेखी माग. अर्ज दोन प्रतींत दिला, एकीवर शिक्का आणि तारीख घेतली, सोबत न्यूरॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट, की पेशंटला व्यवहार समजतो पण सही करता येत नाही. हे वाक्य त्यात असायलाच पाहिजे, नुसतं 'स्ट्रोकचा पेशंट' लिहिलेलं घेऊन जाऊ नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, तेही अर्जात लिहिलं होतं.

शिक्का मारलेला अर्ज वर मॅनेजरकडे गेला आणि जादू झाली! एक मॅडम घरी आल्या, बाबांना नीट विचारलं, बाबांनी मान हलवली, डावा अंगठा घेतला, शेजारचे काका दुसरे साक्षीदार. दहा मिनिटांचं काम. त्या मॅडम इतक्या चांगल्या वागल्या की रागवायलाही जागा राहिली नाही.

मुदतीआधी मोडल्याची पेनल्टी बसली ती बसलीच. म्हणून एक मोठी एफडी करण्यापेक्षा छोट्या छोट्या करा, दर दोनतीन महिन्यांनी एक मॅच्युअर होईल अशा. आणि ऑटो रिन्यूअल बंद करून पैसे जॉइंट सेव्हिंगला जमा होतील असं लिहून द्या, नाहीतर ती आपोआप परत लॉक होते आणि पुन्हा दोन सह्या. आम्ही उरलेल्या सगळ्या एफडींचं त्याच मॅडमकडून त्याच दिवशी, त्याच अंगठ्यावर करून घेतलं.