डाग कुठला, पाऊस कुठला

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातून बहीण-भाऊ एक फ्रेम घेऊन माझ्या फ्रेमच्या दुकानात आले. आत जलरंगातलं चित्र. मुंबईत व्हिक्टोरिया डॉकजवळचा पावसातला रस्ता, कोपऱ्यात सही आणि १९६७. गोदामाची भिंत, मागे क्रेन, पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेचे रूळ, ताडपत्री टाकलेली हातगाडी. वडील गोदीत कारकून होते, रविवारी चित्रं काढायचे. "काका, सगळे डाग काढून द्या, वर्षश्राद्धाला पाहुणे येणारेत," भाऊ म्हणाला.

फ्रेम उघडण्यातच दुपार गेली. आधीच्या कारागिराने चित्र हार्डबोर्डला गोंदाने चिकटवलेलं, वर काच टेकवलेली, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, नाहीच. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि त्याचा मला संताप येतो. माउंट काही नुसता शोभेचा नसतो, त्याच्यामुळे कागद काचेपासून सुटा राहतो. गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडते त्या पुरानंतर घाटालगतच्या भिंती कितीतरी दिवस ओल धरून असतात. ती ओल हार्डबोर्ड पितो आणि कागदाला देतो. बुरशी येणारच. गोंद भिजवावा तर रंग सुटणार, म्हणून हार्डबोर्ड मागून पटाशीने पापुद्रा-पापुद्रा तासला.

मग चित्र काचेच्या टेबलावर ठेवून खालून दिवा लावला. बुरशीचे तपकिरी ठिपके लगेच कळले. त्यांना कड नसते आणि ते मागच्या बाजूलाही दिसतात. पण आभाळात आणखी ठिपके होते. मध्ये फिके, भोवती रंगाची बारीक गडद कड. अर्धवट सुकलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की रंग असा बाजूला ढकलला जातो. तेही इथे-तिथे, वाऱ्याने आत आल्यासारखे. माणूस पावसात उभा राहून रंगवत होता!

पिसारो या फ्रेंच चित्रकाराने १८९६ मध्ये रूआँ या फ्रान्समधल्या कारखान्यांच्या बंदरात पावसातला पूल रंगवला तो हॉटेलच्या खिडकीतून. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला बाहेर उभं राहून काम करणं जमत नव्हतं. फार थोर चित्र आहे ते. पण त्याने पाऊस पाहिला. इथे कागदावर १९६७ चा पाऊस पडलाय. तो मी पुसणार नाही, हे भावाला स्पष्ट सांगितलं. त्याला ते पटलं नाही. बहीण मात्र भिंग घेऊन बराच वेळ एकेक थेंब बघत होती.

कोरडी बुरशी मऊ ब्रशने निघाली. उरलेल्या ठिपक्यांवर काहीजण क्लोरीनचं ब्लीच फिरवतात. कागद पांढरा होतो, पण त्याचे तंतू कमजोर होतात, काही रंगही उडतात. मी ते करत नाही.

अडलंय ते एका डागापाशी. रुळांच्या कडेला बोटभर तपकिरी पट्टा आहे. त्याच्या एका बाजूला ब्रशची स्वच्छ धार दिसते, म्हणजे तो रंगवलेला. दुसरी बाजू मात्र मागून आरपार दिसते, म्हणजे बुरशी. बहीण म्हणते ते डबकं आहे. भाऊ म्हणतो घाण. हलक्या हाताने फिका करता येईल, पण तिथला रंग गेला तर परत आणता येणार नाही.

त्या काळी गोदीत काम केलेलं कुणी असेल तर मला एवढंच सांगा, पावसात त्या रुळांच्या कडेला गंजाचं तपकिरी पाणी साचायचं का? वर्षश्राद्धाच्या आत कळलं तर बरं.